हात कुठे करायचा

ती तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली. आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील छापखान्याच्या यंत्रघरात कामाला होते. त्या खडखडाटात चांगल्या कानांची माणसं बहिरी होऊन बाहेर पडायची. मालकाने हिशेब केला असावा की आधीच बहिरा असलेला माणूस घेतलेला बरा. घरात भांडण काढायचं म्हटलं तरी आधी दिवा लावावा लागे. दुकानदाराशी वडिलांचं, डॉक्टरांशी आईचं बोलणं व्हायचं ते या मुलीच्या तोंडून. मोठी झाल्यावर तेच तिचं काम झालं. दवाखाना, शाळा, पोलीस चौकी, जिथे कुणी बहिरं माणूस अडून बसलं असेल तिथे बोलावणं यायचं. गाव तिला दुभाषीबाई म्हणू लागलं.

तिने आयुष्यात एकच नियम पाळला होता. हात सांगतील ते तोंडाने बोलायचं, तोंड बोलेल ते हातांनी सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं तर नाहीच.

वकीलसाहेबांची ओळख झाली तेव्हा ते साहेब नव्हते, नुसते वकील होते. काटकुळा माणूस, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा. बहिऱ्या मुलांच्या शाळेची इमारत एका गोदामवाल्याच्या घशात चालली होती, ती त्यांनी एक पैसा न घेता खटला लढवून वाचवली. न्यायालयात बोलताना अडखळायचे, कागद शोधायचे, पण सोडायचे नाहीत. बहिऱ्या मंडळींनी त्यांना आपल्या पद्धतीने नाव दिलं: दोन बोटांनी नाकावरचा चष्मा वर सरकवायचा, की समजायचं, वकील.

नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा ते स्वतः तिच्या घरी आले. म्हणाले, "बाई, माझं बोलणं तुमच्या लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. मी बोलेन तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईला सांगितल्यावर आईने उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हाची त्यांची भाषणं म्हणजे गटारं, नळाचे पाइप आणि शाळेचं गळकं छप्पर. मागून कुणीतरी ओरडायचं, "आटपा आता!" आणि साहेबही हसायचे. लोक जांभया देत. पण दुभाषीबाईला ती भाषणं आवडायची. एकेका शब्दामागे एकेक वस्तू असे. ते पाइप म्हणाले की हाताने पाइप दाखवायचा, छप्पर म्हणाले की छप्पर. हात कुठे अडत नसत.

थोड्याच मतांनी का होईना, ते निवडून आले. पुढे नगराध्यक्षपदाला उभे राहिले, आणि त्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली.

भर दुपारची सभा होती. लोक तापलेले, उन्हानेही आणि रिकाम्या हंड्यांनीही. साहेब टाक्यांची मापं सांगत होते. कुणीतरी एक चप्पल फेकली. ती व्यासपीठापर्यंत पोचली नाही, पण साहेबांचा धागा तुटला. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले आणि म्हणाले, "पाणी आपोआप आटत नाही. कुणीतरी ते पितं."

आणि थांबले. मुद्दाम नव्हे. पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून थांबले. दुभाषीबाई पुढच्या वाक्यासाठी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, म्हणून हे तिने हातभर अंतरावरून पाहिलं. मैदान गप्प झालं, आणि मग असा काही गजर उठला की व्यासपीठाच्या फळ्या हादरल्या. साहेब आधी दचकले. बंद वाटलेलं दार नुसत्या धक्क्याने उघडावं आणि माणूस आत कोलमडावा, तसे. मग त्यांनी सावकाश ओठांवरून जीभ फिरवली.

"ते कोण आहेत," साहेब म्हणाले, "हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगायला नको."

पुन्हा गजर.

इथे दुभाषीबाईचा हात पहिल्यांदा अडला. तोंडाच्या भाषेत 'ते' म्हटलं की काम भागतं. ते कोण, कुठले, कुणी विचारत नाही. हातांच्या भाषेत तसं चालत नाही. 'ते' म्हणायचं तर बोट करावं लागतं, आणि बोट कुठेतरी करावं लागतं. एकदा जागा दिली की बोलणं संपेपर्यंत ते लोक त्या जागेवर उभे. तिच्या उजव्या हाताला साहेब होते, म्हणून तिने डावीकडे बोट केलं. जिथे मोकळी जागा, तिथे हात गेला. मनात दुसरं काही नव्हतं.

डावीकडे मैदान संपून नदी लागायची. नदीवर पूल, आणि पुलापलीकडे रंगाऱ्यांची वस्ती. एका पिढीमागे कुठून कुठून आलेली माणसं. सूत रंगवायची आणि वाळत घालायची.

पुढच्या कठड्याशी बसलेल्या बहिऱ्या मंडळींच्या माना नदीकडे वळल्या. दुभाषीबाईने ते पाहिलं आणि हात खाली घेतला.

साहेबांनीही ते पाहिलं होतं. सभा संपल्यावर व्यासपीठाच्या पायरीवर त्यांनी विचारलं, "ही मंडळी मघाशी तिकडे का बघत होती हो?"

तिने समजावून सांगितलं. खटल्याच्या दिवसांत ऐकायचे तसं त्यांनी मान तिरकी करून नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या भाषेत नुसतं मोघम 'ते' म्हणताच येत नाही?"

"नाही, साहेब. जागा द्यावी लागते."

"वा!" ते म्हणाले. खरंच कौतुकाने म्हणाले.

"म्हणून विचारते. पुढच्या वेळी हात कुठे करायचा? ते म्हणजे कोण?"

साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी तिचं मनगट धरलं, भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसं जरासं फिरवलं, आणि थोडं वर उचललं. तिच्या बोटासमोर आता नेमका पूल होता. मग चष्मा सरकवून ते गाडीत बसले.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो नगरपालिकेच्या पंपघरात हंगामी कामगार होता.

"तोंडाने काही बोलले का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग तूही काही ऐकलं नाहीस. या वर्षी मला कायम करायचं चाललंय. आपण बरे, आपलं काम बरं."

त्याचा आवाज बारीक झाला होता. खिडकी आधीपासून बंद होती, तरी तो उठून खिटी बघून आला.

आणि तिने हात केला. पुढच्या सभेत केला, त्याच्या पुढच्या सभेत केला. आधी बहिरेच बोटाच्या दिशेने बघायचे, मग कान असलेलेही बघू लागले. साहेबांनी ते हेरलं. ते "ते" म्हणायचे, थांबायचे आणि तिच्याकडे वळायचे; तिचा हात उठायचा, आणि सगळं मैदान एकदम मान वळवायचं. हजारो माणसं एकदम मान वळवतात तेव्हा कपड्यांचा एक आवाज होतो, सळ्ळ असा. तो तिला घरी भाजी निवडतानासुद्धा ऐकू यायचा.

साहेब नगराध्यक्ष झाले आणि नजर वरच्या खुर्चीवर गेली. भाषणात कागद उरला नाही. कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे डोळे मिटायचे, ते आरशासमोर बसवतात, असं त्यांचे चिटणीस कौतुकाने सांगायचे. एकदा गाडीत तिने धीर करून म्हटलं, "साहेब, शाळेच्या छपराचं राहून गेलं."

"छपरावर टाळ्या पडत नाहीत हो, बाई," ते हसून म्हणाले. चिटणीसही हसले. मग साहेब खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मी थांबलो ना, तर हे लोक दुसरा शोधतील. तो माझ्यापेक्षा वाईट असेल. निदान माझ्या हातात लगाम तरी आहे."

हे ते मनापासून बोलत होते. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

वस्तीत एक रंगारी काका राहायचे. तेही बहिरे, तिच्या वडिलांचे दोस्त. लहानपणी त्यांच्या निळ्या-जांभळ्या बोटांची तिला मोठी गंमत वाटायची. ते बोलायला लागले की हवेत रंग फिरायचे. पूर्वी प्रत्येक सभेला कठड्याशी असायचे, ते यायचे बंद झाले. एक दिवस बाजारात समोर आले.

"तू माझ्याकडे बोट केलंस," ते हातांनी म्हणाले.

"तुमच्याकडे नाही, काका. ते शब्द त्यांचे आहेत. मी फक्त पोचवते."

"शब्द मला ऐकू येत नाहीत. मला तुझं बोट दिसतं."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हात गुंतलेले असले की उत्तर द्यावं लागत नाही.

मग ती मोठी सभा झाली. साहेबांनी त्या दिवशी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. उलट शांत राहा म्हणून हात जोडले. फक्त मध्ये एकदा विचारलं, "ते किती दिवस पीत राहणार?" आणि तिच्याकडे वळले. तिचा हात उठला.

सभा संपली. पण लोक घरी गेले नाहीत. ते पुलाकडे वळले.

रंगाच्या हंड्या उलथल्या, सुताचे मांडव पेटले. रंगारी काका गल्लीकडे पाठ करून सूत वाळत घालत होते. मागून आरोळ्या आल्या, त्यांना कशा कळणार? "कोण रे तू? बोलत का नाहीस?" असं ओरडत लोकांनी त्यांना खेचून वळवलं, तेव्हा काका उत्तर द्यायला लागले. हातांनी. जमावाला वाटलं हा हात उगारतोय. त्यांनी ते हातच ठेचले.

नेहमीप्रमाणे चौकीतून बोलावणं आलं: रुग्णालयात जबाब घ्यायचाय, या. दुभाषीबाई रुग्णालयाच्या लांबलचक बोळातून चालत गेली. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी बाहेर.

हवालदाराने विचारलं, मारणारे किती होते? तिने विचारलं. काकांनी मान हलवली, मोजले नाहीत. ओळखीचं कुणी? नाही.

"कुणी चिथावलं, ते माहीत आहे का, विचारा."

तिने विचारलं. काकांनी तो प्लास्टरचा जड हात कष्टाने उचलला आणि तिच्यावर रोखला.

हवालदाराने तिच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. "काय म्हणतोय?"

खोकला आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पाण्याचा पेला आणायला जाता आलं असतं. पण आयुष्यभराचा नियम होता, आणि काका तिच्या ओठांकडे बघत होते.

"म्हणतात... ही."

"ही कोण?"

"मी."

हवालदाराचं लिहिणं थांबलं.

गोष्ट दोन दिवसांत वर्तमानपत्रात आली. चौकशी बसली, निवृत्त न्यायाधीश नेमले गेले. आणि एका दुपारी साहेबांची गाडी दारात थांबली. नवरा कामावर होता. घरात ती आणि आई.

साहेब खुर्चीवर न बसता आईच्या पलंगाच्या कडेवर बसले. आवाज अगदी घरगुती.

"बाई, मला झोप लागत नाही. त्या म्हाताऱ्याचे हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तुम्हालाही तसंच होत असेल. आपण दोघं एकाच होडीत आहोत. आता विचार करा, मी बुडालो तर शाळा कोण सांभाळणार? तुमच्या या माणसांकडे बघणारं दुसरं कोण आहे? मी कुणाचं नाव घेतलं नाही, हे तर खरं ना? तुमचा हात चुकला, हेही खोटं नाही. त्या पहिल्या दिवशी तो आपोआपच गेला होता, तुम्हीच मला सांगितलंत. माणसाच्या हातून चुका होतात. तुम्ही तेवढं सांगा, की हात चुकून गेला. लोक माफ करतील. पुढचं सगळं माझ्याकडे लागलं. तुमच्या घराला मी घरचा नाही का?"

ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. किती मायेने बोलत होते! एकेक वाक्य दुसऱ्याचा हात धरून येत होतं. त्यांनी विचारलं, "पटतंय ना?" आणि आपली मान हलतेय, हे तिला मान हलून गेल्यावर कळलं.

गाडी गेली. आईने तिचा खांदा ओढला. "काय म्हणाला इतका वेळ?"

तिने हात उचलले आणि सांगायला लागली. माया कुठल्या खुणेने सांगायची? होडी नव्हतीच, म्हणून होडी गळाली. डोळ्यांपुढचे हात, न येणारी झोप, घरचा माणूस. हातांवर घेतलं की एकेक निसटून जात होतं. शेवटी उरलं ते एवढंच: "तो म्हणतो, तू सांग, चूक माझी. मग मी तुला सांभाळीन."

"नाही सांगितलीस तर?"

"ते तो बोलला नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले," तिने सांगितलं. आईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू शेजारच्या खोलीत आग लागलीय हे तिला नुकतंच दिसलं होतं. मग आई उठली आणि दाराला कडी घालून आली. भर दुपारी.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या ओळीत चिटणीस. आधी साहेब बोलले. "मी एखादं नाव घेतलेलं दाखवा, आत्ता इथे राजीनामा देतो." भाषणाच्या ध्वनिफिती लावल्या. एकाही फितीत नाव नव्हतं. आवाज ऐकून लोकांनी तिथेही टाळ्या वाजवल्या; न्यायाधीशांना हातोडी आपटावी लागली.

मग तिची पाळी.

"पुलाकडे हात तुम्ही केलात?"

"हो, मी केला."

"चुकून?"

तिने चिटणिसांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघून अगदी प्रेमळ हसत होते.

"पहिल्यांदा आपसूक गेला," ती म्हणाली. "नंतर चुकून नाही. मी साहेबांना विचारलं होतं, ते म्हणजे कोण, हात कुठे करायचा."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले काही नाही. त्यांनी माझा हात धरून पुलाकडे फिरवला."

"म्हणजे तोंडाने काही सांगितलं नाही?"

"नाही."

"एक शब्दही नाही?"

"नाही, पण हात..."

सभागृह हसलं. मोठ्याने नव्हे, पण हसलं. न्यायाधीशांनी लिहायला सांगितलं: साक्षीदार मान्य करते की नगराध्यक्षांनी कोणतीही सूचना दिली नाही. तिने हात वर करून मनगट कसं फिरवलं ते दाखवलं. ते कुणी लिहून घेतलं नाही. लिहिता येण्यासारखं नव्हतं.

अहवालात आलं की भाषणात आक्षेपार्ह काही आढळलं नाही, दुभाषी महिलेने मर्यादा ओलांडली. साहेब निवडणूक जिंकून विधानसभेत गेले आणि पुढे मंत्री झाले. त्यांच्या शेजारी आता एक नवी मुलगी उभी राहते. आईने एकदा टीव्हीवर पाहून सांगितलं, हात चांगला स्वच्छ आहे पोरीचा. आणि टीव्ही बंद केला.

नवरा कायम झाला नाही. त्याला गावाबाहेरच्या टाकीवर टाकलं. त्याने बायकोला एका शब्दाने बोल लावला नाही, पण जेवताना तो दाराकडे तोंड करून बसू लागला. घरावर दगड आला नाही, कुणी रस्त्यात अडवलं नाही. फक्त एकदा चिटणिसांचा फोन आला. "साहेबांनी आठवणीने विचारलंय, आई कशा आहेत? दुपारच्या एकट्याच असतात ना घरी? ऐकूही येत नाही बिचाऱ्यांना." एवढंच, आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून ती आईला शेजारणीकडे सोडल्याशिवाय कामाला जात नाही. गेली तरी काळीज घरी ठेवून जाते.

तरी बोलावणं आलं तेव्हा ती पुलापलीकडे गेली. रंगारी काकांची बायको स्वतः आली होती. तिला ऐकू येत होतं. नवऱ्याच्या खुणांवर तिने सारा संसार केला होता. उंबऱ्याच्या आत मात्र आली नाही. म्हणाली, "प्लास्टर काढलंय. डॉक्टरीणबाई वस्तीत तपासायला येणार आहेत. यांची बोटं वळत नाहीत, काय म्हणतात ते मलासुद्धा समजत नाही. तुला कळेल. मला तुझं तोंड बघायचं नव्हतं, पण दुसरं कुणी नाही."

पूल ओलांडताना तिने पदोपदी मागे पाहिलं. वस्तीत शिरल्यावर पुढे पाहायची भीती वाटू लागली. दारादारांत बायका उभ्या होत्या. "हीच ती हातवाली," कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य तिच्या पुढे पुढे गल्लीतून चालत गेलं.

काका खाटेवर बसले होते. त्यांनी तिला पाहिलं. ओळख दाखवली नाही, हाकलूनही दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठल्या बोटात जास्त दुखतं? तिने ते हातांनी विचारलं.

काका उत्तर देऊ लागले. एकेक बोट जागेवर यायला वेळ लागत होता, मध्येच निसटत होतं, ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. इतकं तोतरं बोलणं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक शब्द लागला, अंगठा. दुसरा लागेना.

मागे दारात पावलं वाजली. आधी एकाची, मग बऱ्याच जणांची. उजेड अडला आणि खोलीत काळोखी आली. कुणीतरी अगदी तिच्या पाठीशी येऊन उभं राहिलं. श्वास मानेवर लागत होता. वळून बघावं म्हणून सगळं अंग ओढत होतं. पण त्या भाषेत ऐकताना मान वळवणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं.

काकांची करंगळी वर येत होती, पडत होती, पुन्हा येत होती. दुभाषीबाई तिच्याकडे बघत बसली.